गोंधळाला यावं

प्रश्न : ताई, आम्ही आटपाडी तालुक्यातले गोंधळी. वडील लग्नाचे, जागरणाचे गोंधळ घालतात. पोरगी म्हणून मला चौकात उभं करत नाहीत, पण घरी तुणतुणं मीच धरते. आता चोवीस वर्षांची आहे. आमच्याकडची कितीतरी घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी केरळ-तामिळनाडूत आहेत. त्यांच्यावर मी आख्यान बांधलंय. संबळाबरोबर गिटार घेऊन ते रंगमंचावर करायचं आहे. वडील म्हणतात, ‘देवीच्या चौकात सोनं गाळणाऱ्यांची कथा नको.’ माझं चुकतंय का?
— एक वाचक, आटपाडी तालुका

उत्तर : तुझ्या वडिलांचं वाक्य मी दोनदा वाचलं. ते ‘चौकात नको’ म्हणालेत, ‘सांगूच नको’ असं म्हणालेले नाहीत. तेवढ्यात तुझी वाट आहे.

तांदळाचा चौक, कलश, पेटलेली दिवटी हा कुळाचार झाला. ज्या घरानं त्यासाठी बोलावलं, त्याचं ते देणं आहे. त्याला हात लावू नकोस. पण देवदेवतांना बोलावून झालं की आख्यान लागतं, आणि कुठलं लावायचं हे गोंधळी समोरची माणसं बघून ठरवतो. किती ठिकाणी किती वेगळी आख्यानं लावली, हे वडिलांनाच विचार. सांगताना त्यांचा चेहरा बघ.

आता माझं सांगते. चाळीस वर्षं मी सांगलीत नारदीय कीर्तन करते आहे. २०१९ चा महापूर ओसरल्यावर दिवाळीच्या सुमारास एका देवळात कीर्तन होतं. पूर्वरंगात नेहमीसारखा अभंग घेतला, बुक्का लावून झाला, आणि उत्तररंगात पुराण बाजूला ठेवून सरळ पूरच सांगितला. होड्या, माळ्यावर काढलेल्या रात्री, घरातला गाळ. माणसं माना खाली घालून बसली. एकदाही टाळी पडली नाही. आरती झाल्यावर एक आजी हात धरून म्हणाल्या, ‘बाई, पूर आम्ही बघितलाय. तू गोष्ट सांग.’ त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढे मी गजेंद्रमोक्ष घेतला. मगर हत्तीचा पाय धरून त्याला आत ओढते आहे. पाणी गुडघ्याला लागलं, पोटाला लागलं. तिथे पेटी थांबवली आणि विचारलं, ‘आयर्विनला किती?’ कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट, सांगलीत पावसाळ्यात सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न हाच असतो. मागून आवाज आला, ‘चाळीस!’ म्हणजे इशारा पातळी. हत्ती आणखी आत गेला. ‘किती?’ ‘पंचेचाळीस!’ धोक्याची पातळी. सत्तावन्नपर्यंत, म्हणजे त्या महापुराच्या आकड्यापर्यंत, सगळं देऊळ बोलत होतं आणि शेवटचा आकडा म्हणताना बायकांचे आवाज फुटले. मग हत्तीनं सोंडेत कमळ धरून हाक मारली, तेव्हा ती हाक मला वेगळी मारावीच लागली नाही.

दोन्ही वेळा पूर तोच होता. पहिल्यांदा लोकांना त्यात तोंड उघडायला जागाच मी ठेवली नव्हती. तुमच्याकडे झील धरणारे, मागून ओळ उचलणारे असतात ना, ती जागा.

तुझ्या हातात तर ती आयतीच आहे. गोंधळी एकेक क्षेत्राचं नाव घेऊन हाक घालतो : तुळजापूरच्या भवानीनं यावं, कोल्हापूरच्या अंबाबाईनं यावं. देवांना वडिलांनी बोलवू दे, पूर्ण, एकही ठाणं न गाळता. मग तुझ्या आख्यानात तू माणसांना बोलव. कोईमतूरच्या दुकानातून या, मदुराईच्या गल्लीतून या, गोंधळाला या. समोर ज्याचा भाऊ तिकडे आहे तो आपल्या गावाचं नाव ओरडेल. ते नाव पुढच्या ओळीत घेता आलं पाहिजे, त्याचा रियाज कर. आणि भट्टी, मूस, तेजाब हे त्यांचे शब्द त्यांच्याच तोंडून ऐकून घे. तेजाबाच्या वाफेनं खोकणारा माणूस तुझ्या आख्यानात असलाच पाहिजे.

गिटारबद्दल थोडक्यात. तुणतुण्याची एकच तार, पण सगळा सूर तिच्यावर उभा असतो. गिटार तिच्याशी लावून घे, तिला गिटारशी लावू नकोस. हाक घालताना गिटार गप्प.

वडिलांना आपल्याच जिल्ह्यातली दोन माणसं आठवून दे. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीला झाले, ते पाहून विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. सूत्रधार पदं गाई, पात्रं आपापली भाषणं आयत्या वेळी बोलत. रामायण जुनंच होतं, उभं करायची रीत नवी. आणि वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. तमाशाच्या गणात, म्हणजे सुरुवातीच्या वंदनात, त्यांनी गणपतीच्या जागी मायभूमीला आणि शिवरायांना वंदन केलं, पण गण काढून टाकला नाही. तमाशा गणानंच उघडला.

मुलगी असण्याबद्दल फार लिहीत नाही. मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा तबलजी आलाच नाही. नुसत्या झांजेवर कीर्तन केलं, आणि ते झालं.

पहिला प्रयोग शहरात करू नकोस. गावच्या यात्रेत कर, तेव्हा गलाईवाले घरी आलेले असतात. संबळ वडिलांच्याच कमरेला राहू दे. तारीख ठरली की कळव. विट्यापर्यंत एसटीनं येईन, पुढे न्यायला कुणाला तरी पाठव.