पेपरमधले फोटो कापून सामाजिक विषयांवर मिश्रमाध्यमात (छापील कागद, रेखाटन असं एकत्र करून) काम करायचंय. सर म्हणतात, "यात तुझं काय?" नाशिकमध्ये राहून हे जमेल का?

जमेल. ज्यांचे फोटो मुंबईच्या पेपरांत छापून येतात ती माणसं आपल्याच तालुक्यांतली असतात, मग मुंबईला जायचं कशाला? पण तुमच्या सरांचा प्रश्न मलाही विचारला गेलाय, म्हणून लिहायला बसले.

मार्च 2018 मध्ये शेतकऱ्यांचा लाँग मार्च इथल्या सीबीएस (मध्यवर्ती बस स्थानक) चौकातून निघाला आणि 12 तारखेला आझाद मैदानावर पोचला. त्या आठवड्याचे मिळाले तेवढे पेपर मी भद्रकालीतल्या रद्दीवाल्याकडून उचलले आणि घरात फरशीवर पसरले. बहुतेक फोटो दोनच तऱ्हांचे. एक तर उंचावरून टिपलेल्या लाल टोप्या, नाहीतर अगदी जवळून सोललेले तळपाय. गुडघ्यापासून कपाळापर्यंतचा माणूस क्वचितच. चालणाऱ्यांत सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडचे आदिवासी मोठ्या संख्येने होते. वनहक्क कायदा 2006 चा, तरी कसत असलेली जमीन नावावर होत नाही, हे त्यांचं मुख्य गाऱ्हाणं. तळपाय बघून लोक हळहळले. जमिनीचं विचारायचं राहून गेलं. मला त्या फोटोंचा राग आला तो याच कारणाने.

सुरगाण्याच्या एका ओळखीच्या काकांकडून जमिनीसाठीच्या त्यांच्या फेटाळलेल्या वनहक्क दाव्याच्या झेरॉक्स मागून घेतल्या. नाव झाकू का, विचारलं. म्हणाले, "राहू दे ताई. तेवढंच तर बरोबर लिहिलंय त्यांनी." ते कागद प्लायवर चिकटवले, त्यावर तळपाय मोठे करून उतरवले. दोन पावलांच्या मधे नामंजुरीचा शिक्का दिसेल एवढी जागा मोकळी ठेवली. फोटोत नसलेले गुडघे, कंबर, खांदे कोळशाने काढले.

शहरातल्या एका प्रदर्शनाच्या निवड समितीतले ज्येष्ठ चित्रकार म्हणाले, "चिकटवलंस छान, पण काढलंस काय?" आणि हस्तकला विभागात लावायला सांगितलं. मी काम उचलून घरी आणलं. जलरंगाशी माझं वैर नाही. नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांची निसर्गचित्रं बघतच मी वाढले. पण घाट रंगवला तरच चित्र, हे मला मान्य नाही. 1920 च्या बर्लिनमधल्या 'दादा' (Dada) या बंडखोर कलाचळवळीच्या प्रदर्शनात जर्मन चित्रकर्ती हाना ह्योख यांनी छापील पुढारी आणि यंत्रं कापूनच चित्र उभं केलं होतं. भारतीय कलावंत विवान सुंदरम यांचं 1993 चं 'मेमोरियल' घ्या. मुंबईच्या दंगलीत रस्त्यावर मरून पडलेल्या माणसाचा होशी जाल यांनी काढलेला, पेपरात छापून आलेला एक फोटो, आणि त्याभोवती अख्खी मांडणी. कात्री कुठे थांबवायची आणि कशाशेजारी काय ठेवायचं, हे ठरवणं म्हणजेच रेखाटन.

सामानाचं थोडक्यात. पेपर थेट चिकटवू नका. तो कागद लाकडाच्या लगद्याचा, लाकडातल्या लिग्निन या घटकामुळे पिवळा पडून तुटतो. लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स काढा. इंकजेटची शाई सहसा ओलीला फुटते. अक्षरं असतील तर प्रिंट उलटी काढा. अॅक्रिलिक मिडियम (रंगात मिसळायचं, वाळल्यावर पारदर्शक होणारं माध्यम) लावून छापील बाजू खाली चिकटवा, पूर्ण वाळू द्या, मग ओल्या बोटांनी मागचा कागद चोळून काढा. पावसाळ्यात घाई केलीत तर चित्रासकट निघेल.

फोटोवर हक्क फोटोग्राफरचा किंवा पेपरचा असतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात टीका-समीक्षेला सवलत आहे, पण काम विकणार असाल तर परवानगी घ्या. ओळखू येणारा चेहरा असेल तर त्या माणसालाही विचारा. गॅलऱ्या मुंबईत जास्त, हेही खरं. विकण्यासाठी कधीतरी जावं लागेल.

सरांचं म्हणाल तर पेपरचं मूळ पान आणि तुमचं काम शेजारी शेजारी ठेवून दाखवा. पानात नसलेलं काही तुमच्या कामात दिसत नसेल तर सर बरोबर आहेत, पुन्हा कामाला लागा. दिसत असेल तर हस्तकलेच्या टेबलावर अजिबात ठेवू नका. माझं ते काम नंतर काकांच्या गावात बैठकीला लावलं. काढलंस काय, हे तिथे कुणीच विचारलं नाही. शिक्क्यावरची तारीख वाचली आणि अपिलाची मुदत संपली की नाही यावरून लोक आपसात भांडायला लागले.