वाचकांचे प्रश्न : छायाचित्रणासाठी परावर्तक दुर्बीण कोणती घ्यावी?

प्रश्न : मी घोडबंदर रोडवरील एका गृहसंकुलात राहतो. माझ्याकडे डीएसएलआर कॅमेरा असून तेजोमेघ व दीर्घिका यांची छायाचित्रे काढण्याची इच्छा आहे. आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण घ्यावी की इक्वेटोरियल माउंटवरील १३० मिलिमीटरची, असा पेच पडला आहे. मोठा आरसा घेणेच शहाणपणाचे नाही का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्याला केवळ डोळ्यांनी आकाश पाहायचे असते, तर आठ इंची डॉब्सोनियनच (साध्या बैठकीवर ठेवून हाताने वळवायची परावर्तक दुर्बीण) घ्या, असे सांगून आम्ही मोकळे झालो असतो. छायाचित्रणाचे गणित मात्र आरशापासून नव्हे, माउंटपासून, म्हणजे दुर्बीण पेलणाऱ्या व फिरवणाऱ्या बैठकीपासून सुरू होते. पृथ्वीच्या परिवलनामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतो. ६५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतच्या अंतराच्या) दुर्बिणीला साधारण ३.९ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा लावला, तर एका पिक्सेलमध्ये सुमारे सव्वा विकला मावतात; म्हणजे ट्रॅकिंग (ताऱ्यामागे दुर्बीण फिरवत राहणे) नसेल, तर एका सेकंदात तारा बारा पिक्सेल लांबीची रेघ ओढून मोकळा होतो. डॉब्सोनियनला मोटर बसवली तरी ती दुर्बीण वर-खाली व डावी-उजवीकडे फिरते, त्यामुळे तारा मध्यभागी राहिला तरी सगळे दृश्य त्याच्याभोवती हळूहळू वळत जाते आणि लांब एक्स्पोजरमध्ये कडेचे तारे कमानीसारखे उमटतात. इक्वेटोरियल माउंटचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवलेला असल्याने ही अडचण येत नाही.

आरसा लहान म्हणजे चित्र अंधूक, ही समजूतही येथे पुरती लागू पडत नाही. तेजोमेघासारख्या पसरट वस्तूचा प्रत्येक पिक्सेलवर किती प्रकाश पडणार, हे एफ-गुणोत्तरावर, म्हणजे नाभीय अंतर भागिले आरशाचा व्यास यावर ठरते. आठ इंची डॉब्सोनियन बहुधा १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची, म्हणजे जवळपास एफ/६ असते; १३० मिलिमीटरची ६५० नाभीय अंतराची दुर्बीण एफ/५ असते, आणि त्याच कॅमेऱ्यावर ती प्रत्येक पिक्सेलला सुमारे दीडपट प्रकाश देते. शिवाय बऱ्याच डीएसएलआरमध्ये असणाऱ्या एपीएस-सी आकाराच्या सेन्सरवर तिचे दृश्यक्षेत्र सुमारे दोन अंश लांब आणि सव्वा अंश रुंद असते. मृग नक्षत्रातील तेजोमेघ (एम ४२) त्यात ऐसपैस बसतो. तीन अंशांहून लांब देवयानी दीर्घिकेची टोके मात्र कापली जातील.

आता वजन. छायाचित्रणासाठी माउंटच्या सांगितलेल्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास भार ठेवावा. कॅमेऱ्यासह पाच किलोच्या घरात जाणारी १३० मिलिमीटरची नळी नऊ-दहा किलो क्षमतेच्या माउंटवर निर्धास्त राहते; आठ इंची नळी कॅमेऱ्यासह दहा किलोच्या आसपास भरते आणि गच्चीवरच्या वाऱ्यात शिडासारखी हलते. तेव्हा ठरवलेल्या रकमेतील निम्म्याहून अधिक वाटा माउंटला द्यावा, हे आमचे ठाम मत आहे. आरसा पुढे बदलता येतो, हलणाऱ्या माउंटला इलाज नाही.

ठाण्यातील खरेदीदाराने दुकानदाराला एक प्रश्न अवश्य विचारावा : हे माउंट १९ अंश अक्षांशावर नीट बसते का? आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर असतो, आणि काही माउंट इतकी खाली झुकवल्यावर प्रतिभाराचा (तोल साधणाऱ्या वजनाचा) दांडा तिवईच्या पायाला अडतो. प्रत्यक्ष झुकवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आपल्या गच्चीच्या उत्तरेला टोलेजंग इमारत असेल, तर ध्रुवतारा दिसणारच नाही. अशा वेळी ताऱ्याच्या उत्तर-दक्षिण सरकण्यावरून अक्ष जुळवण्याची ड्रिफ्ट पद्धत शिकून घ्यावी. ती वेळखाऊ आहे, पण चालते.

नळी निवडताना दोन ठिकाणी फसगत होते. पहिली म्हणजे, नाभीय अंतर १००० मिलिमीटर लिहिलेले असते आणि नळी मात्र हातभर लांबीची असते. अशा दुर्बिणीत बहुधा गोलीय आरसा आणि फोकसरमध्ये (प्रतिमा स्पष्ट करण्यासाठी आत-बाहेर सरकणाऱ्या भागात) एक स्वस्त भिंग बसवलेले असते; तिच्या वाटेला जाऊ नये. दुसरी म्हणजे, डोळ्यांनी पाहण्यासाठी बनवलेल्या न्यूटोनियनमध्ये (नळीच्या बाजूने पाहायच्या अशा परावर्तक दुर्बिणीत) कॅमेरा फोकसच होत नाही. डीएसएलआरचा सेन्सर बॉडीच्या तोंडापासून सुमारे साडेचार सेंटीमीटर आत असतो आणि फोकसर तेवढा आत सरकत नाही. म्हणून छायाचित्रणासाठीच बनवलेली नळी मागावी, किंवा कॅमेरा सोबत नेऊन दूरच्या टॉवरवर फोकस करून पाहावा. एफ/५ला कडेचे तारे धूमकेतूसारखे शेपटीदार दिसतात. हा दोष सुधारणारा भिंगसंच, म्हणजे कोमा करेक्टर, पहिल्या दिवशी नसला तरी चालेल.

राहिला प्रश्न शहरी उजेडाचा. जुने प्रकाशरोधक फिल्टर सोडियम दिव्यांचा पिवळा प्रकाश अडवत. एलईडी दिव्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असल्याने या फिल्टरांचा उपयोग आता कमी झाला आहे. गच्चीवरून मृगातील तेजोमेघ आणि तारकागुच्छ यांवर हात बसवावा, आणि दीर्घिकांसाठी अमावास्येच्या आसपास मुरबाड-माळशेजच्या बाजूला जावे. फिल्टरपेक्षा पेट्रोलवर केलेला खर्च अधिक कामी येतो.

प्रश्न : मे महिन्यात सवलतीत दुर्बीण मिळते आहे. घेतली तर पावसाळाभर पडून राहील. आरशाला बुरशी लागेल का?
– एक वाचिका, ऐरोली

उत्तर : लागू शकते. खाडीकाठच्या दमट हवेत बंद नळीत ओल कोंडली, तर ॲल्युमिनियमच्या लेपावर डाग पडतात. सवलत खरोखर मोठी असेल तरच घ्यावी. एरवी सप्टेंबरअखेर घेतलेली बरी. घेतलीच, तर झाकणे लावण्यापूर्वी नळी पूर्ण कोरडी असल्याची खात्री करावी, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि निळे दाणे गुलाबी झाले की ते गरम करून पुन्हा कोरडे करावेत. आरशावर धूळ दिसली म्हणून फडक्याने पुसू नये, कारण लेप काचेच्या वरच्या पृष्ठावरच असतो आणि चरे कायमचे राहतात. हाताचा ब्लोअर पुरतो. त्या चार महिन्यांत घरातच माउंट जोडणे, तोल साधणे आणि आरसे जुळवणे, म्हणजेच कोलिमेशन, यांचा सराव करता येईल.