वाचक विचारतात : घोड्याची पाठ, खरारा आणि स्ट्रेचिंग

प्रश्न : मी पुण्यात एका क्लबात रायडिंग शिकते. माझा घोडा आधी रेसला पळायचा, आता १४ वर्षांचा आहे. डावीकडे वळायला एकदम कडक, आणि तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळायला गेलं की कान मागे टाकून चावायला येतो. ऑनलाइन व्हिडिओत लोक घोड्याचे पाय धरून स्ट्रेचिंग करताना दिसतात, मी करू का?

करा, पण आधी त्या तंगाचं बघू. तंग आवळताना चावायला येणारा घोडा नव्वद टक्के लोक 'खोडकर' म्हणून सोडून देतात आणि मला ते ऐकवत नाही, कारण तो बिचारा दुखतंय हेच सांगत असतो. रेसच्या घोड्यांमध्ये पोटाचा अल्सर खूप कॉमन आहे, पाठीच्या मणक्यांची टोकं एकमेकांना घासण्याचा त्रासही थरोब्रेडमध्ये (रेसच्या घोड्यांची जात) बराच दिसतो. म्हणून आधी व्हेटला (जनावरांच्या डॉक्टरला) दाखवा. दात आणि नालही त्याच वेळी तपासून घ्या, कारण दाढेला धार आली असेल तरी घोडा एका बाजूला वळायला कुरकुरतो.

खोगीर तुम्ही स्वतः बघू शकता. राइड झाल्यावर खोगीर आणि नमदा (खोगिराखालची गादी) काढला की पाठीवर घाम सगळीकडे सारखा ओला आहे ना बघा. मध्येच तळहाताएवढा कोरडा डाग राहिला असेल, किंवा त्या जागी पांढरे केस आले असतील, तर तिथे दाब पडत असण्याची दाट शक्यता. खोगीर शेवटच्या बरगडीच्या मागे जायला नको. हे सगळं निस्तरल्याशिवाय रोज कितीही स्ट्रेचिंग केलं तरी दुसऱ्या दिवशी तेच खोगीर परत तीच जागा दाबणार ना!

आता स्ट्रेचिंग. माझं स्पष्ट मत आहे की नवख्या माणसाने पाय ओढण्यापासून सुरुवात करू नये, गाजरापासून करावी. घोड्याला भिंतीलगत उभा करा म्हणजे तो अख्खा फिरून गाजर घेणार नाही, मग गाजर हळूहळू न्या, आधी छातीकडे, मग गुडघ्यांच्या मध्ये, मग खाली खुरांच्या वर, नंतर बाजूला तंगापर्यंत, कमरेपर्यंत, आणि जमेल तेव्हा मागच्या पायाकडे. तो जिथवर स्वतःहून येतो तिथे ५-१० सेकंद थांबवा आणि गाजर द्या, चिडवत बसू नका, हिसका मारून वळला तर काही उपयोग नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८ घोड्यांकडून असे व्यायाम प्रत्येकी ५ वेळा, आठवड्यातले ५ दिवस, ३ महिने करून घेतले आणि सोनोग्राफीत मणक्याला धरून ठेवणारे आतले छोटे स्नायू चक्क जाड झालेले दिसले. म्हणजे इथे नुसतं ताणणं होत नाही, स्वार पेलायची ताकदही येते. डावीकडे कमी वळतो म्हणून डावीकडेच जास्त रेटू नका, दोन्ही बाजू सारख्या करा.

प्रश्न : माथेरानला आमची घोडी आहेत. सीझनला दिवसभर चढ-उतार असतो, संध्याकाळी मागचा भाग दगडासारखा लागतो. आजोबा रोज तासभर खरारा करायचे, आम्हाला तेवढा वेळ मिळत नाही. थोडक्यात काय करता येईल?

दादा, तुमच्या आजोबांचा खरारा हेच खरं बॉडीवर्क होतं, आता त्यालाच लोक पैसे देऊन मसाज म्हणतात. तासभर नको, पण १५ मिनिटं काढाच. शेवटची फेरी झाली की तंग सैल करून घोडं ५-१० मिनिटं हाताने चालवा, मग खोगीर उतरवा आणि खरारा करताना एक हात मोकळा ठेवून मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत (मागच्या मांसल भागापर्यंत) सपाट तळव्याने सावकाश दाबत जा. मणक्याच्या हाडावर नाही, त्याच्या बाजूच्या मांसावर. जिथे कातडी थरथरते किंवा घोडं पाठ खाली चोरतं तिथे हात हलका करा आणि थांबा. थोड्या वेळाने डोळ्यांची उघडझाप होते, खालचा ओठ लोंबतो, मग घोडं चघळल्यासारखं तोंड हलवतं नाहीतर मोठी जांभई देतं, तेव्हा समजायचं की तिथलं आखडलेपण सुटतंय.

मग पाय. अंग गरम असतानाच, सकाळी थंड अंगावर कधीच नाही. मागचा पाय नाल ठोकताना उचलतो तसा उचला, खुराला खालून आधार द्या आणि जमिनीलगत हळूहळू पुढे, पुढच्या पायाच्या दिशेने न्या. घोड्याने ओढून घेतला तर सोडा, परत धरा. सैल पडला की १५-२० सेकंद तसाच ठेवा आणि अलगद खाली टेकवा, आपटू देऊ नका. पुढचा पाय पण असाच, गुडघ्याच्या मागे आधार देऊन पुढे, पण उंच उचलायचा नाही. घोड्याला आपल्यासारखं गळ्याजवळचं हाड नसतं, पुढचे पाय धडाला सांध्याने जोडलेले नसतात, मुख्यतः स्नायूंनीच धरलेले असतात, त्यामुळे हिसका बसला की तो थेट तिथेच बसतो. तुमच्याकडे उतारावर आणि पेव्हर ब्लॉकवर घोडं घसरू नये म्हणून अंग आवळून चालतं, म्हणून हा भाग जास्त आखडतो.

आणि वजनाचं बोलायलाच हवं. खोगीर धरून घोड्याच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांच्या वर ओझं नको असं मानतात. तुमचं घोडं २८० किलोचं धरलं तर झाले ५६ किलो. ८० किलोच्या पाहुण्याला नाही म्हणणं धंद्यात जड जातं हे कळतं मला, पण त्याला मोठ्या घोड्यावर बसवा किंवा सोबत चालायला सांगा, ही गोष्ट कुठल्याही मालिशने भरून निघत नाही.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. दोन दिवस बांधून ठेवलेलं, दाणा पूर्ण दिलेलं घोडं कामाला काढलं आणि ते अचानक घामाघूम होऊन पाय उचलेना, पुठ्ठे लाकडासारखे झाले, लघवी चहासारखी काळपट आली, तर मालिश नाही, स्ट्रेचिंग नाही, चालवायचं पण नाही. आहे तिथेच थांबवायचं, पाणी पुढे ठेवायचं आणि लगेच डॉक्टर. यात स्नायूच तुटत असतात आणि किडनीवर येतं. सुट्टीच्या दिवशी दाणा कमी करून गवत वाढवलं तर हा धोका बराच कमी होतो.

प्रश्न : माणसांचा पेन बाम घोड्याच्या पाठीला चालतो का? आणि मसाज गन?

बाम नको. खोगिराखाली, घामात तो कातडी भाजतो. शिवाय काही बाममध्ये मिरचीतलं कॅप्सेसिन असतं आणि स्पर्धेत ते बंद आहे, २००८ च्या ऑलिंपिकमध्ये जंपिंगचे ४ घोडे त्यात सापडले आणि नॉर्वेच्या टीमचं ब्राँझ गेलं. मसाज गन जाड मांसावर, सगळ्यात कमी स्पीडला, तीही घोड्याला आधी आवाजाची सवय करून. मणका, सांधे आणि पोट सोडून. सूज असेल, जागा गरम लागत असेल किंवा घोडा लंगडत असेल तर गन बाजूला ठेवा आणि व्हेटला फोन करा.