निकेलला गंधक ‘बाधतो’ म्हणावं की त्याचं ‘विषारीकरण’ होतं?

प्रश्न असा आहे की सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेलवर (इंधनापासून थेट वीज करणारा, खूप तापमानाला चालणारा सिरॅमिकचा सेल) मराठीत लिहिताना निकेलच्या ॲनोडचं, म्हणजे इंधन येतं त्या बाजूच्या इलेक्ट्रोडचं, ‘सल्फर पॉयझनिंग’ (गंधकामुळे त्याचं काम मंदावणं) कसं लिहायचं, ‘गंधकामुळे विषारीकरण’ चालेल का, आणि ‘विषबाधा’ लिहावं तर ती जिवंत माणसाला होते, धातूला कशी होईल.

विषारीकरण नकोच. मराठीत एखादी वस्तू विषारी झाली म्हणजे तिच्यापासून दुसऱ्याला धोका, विहीर विषारी होते, हवा विषारी होते. इथं निकेल कुणाला काही करत नाहीये, उलट त्यालाच त्रास होतोय. ‘विषारी ॲनोड’ वाचून वाचक हात लावायला घाबरेल, बाकी त्याला काही कळणार नाही.

माझं मत ‘बाधा’. बाधणं हे क्रियापद आपण विषापुरतं ठेवलेलंच नाही, पाणी बाधतं, ऊन बाधतं, जागरण बाधतं. आणि बाधा उतरते सुद्धा, हे इथं फार महत्त्वाचं आहे. आत काय होतं बघा. सेल साधारण 700 ते 850 अंश सेल्सिअसला चालतो, ॲनोड म्हणजे निकेल आणि झिर्कोनिया या सिरॅमिकचं सच्छिद्र मिश्रण, आणि खरं काम चालतं ते निकेल, सिरॅमिक आणि वायूने भरलेलं छिद्र हे तिघं जिथं भेटतात त्या जागी. मी तिला तिठा म्हणतो. इंधनात हायड्रोजन सल्फाइड असेल, अगदी दहा लाखांत एखाद-दोन भाग, तरी तो निकेलवर येऊन फुटतो, हायड्रोजन सुटतो आणि गंधक तिथंच बसून राहतो. तिठाच अडवला की इंधनाला जागा कुठली मिळणार? व्होल्टेजचा आलेख पाहिलात तर आधी एकदम उतरतो आणि मग बराच वेळ हळूहळू घसरत राहतो. पण शुद्ध इंधन सोडलं की गंधक निघायला लागतो आणि व्होल्टेज वर येतं, बऱ्याचदा पूर्ण नाही पण बरंच येतं. लागायला मिनिटं आणि उतरायला तास, बाधा म्हणतात ती हीच. तापमान कमी असेल तर गंधक जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे कमी तापमानाच्या सेलला ती जास्त जाचते.

आता दुसरी अवस्था, आणि तिला मराठीत वेगळा शब्द तयारच आहे, ‘भिनणं’. गंधकाचं प्रमाण खूप वाढलं, म्हणजे दहा लाखांत शेकडो-हजारो भाग, तर तो पृष्ठभागावर थांबत नाही, निकेलशी संयोग होऊन निकेल सल्फाइड बनतं, त्यातलं एक तर 790 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे सेल चालतो त्याच तापमानात. मग ॲनोडची ठेवणच बिघडते आणि नंतर शुद्ध इंधन देऊनही पूर्वीसारखं होत नाही. इंग्रजीत दोन्हीला सर्रास एकच पॉयझनिंग म्हणतात, आपल्याकडे वरवरची बाधा वेगळी आणि भिनलेलं विष वेगळं. हा फरक हातात असताना तो सोडून ‘विषारीकरण’सारखा कोरडा शब्द का घ्यायचा, मला खरंच वाईट वाटतं.

कार्बन साचतो त्याला मात्र बाधा म्हणू नका, तिथं ‘काजळी धरणं’ चपखल बसतं.

वाक्य असं करता येईल: ‘इंधनातला गंधक निकेलला बाधतो, म्हणून वायू सेलमध्ये सोडण्याआधी झिंक ऑक्साइडवरून नेऊन त्यातला गंधक काढून घेतात.’ हे नैसर्गिक वायूलाही करावं लागतं, कारण गळती कळावी म्हणून त्यात जे वासाचं द्रव्य मिसळतात, मर्कॅप्टन वगैरे, त्यातही बहुधा गंधकच असतो.

आणि जाता जाता, ॲनोडला पाठ्यपुस्तकातला ‘धनाग्र’ इथं लिहू नका. फ्युएल सेलमध्ये ॲनोड हे ऋण टोक असतं, इलेक्ट्रॉन तिथूनच बाहेर पडतात, त्यामुळे वाचक सरळ उलटं समजेल. ‘ॲनोड’च राहू द्या.