मुलगी पाचवीत, मराठी माध्यम. घरी अभ्यासाला कामाला येतील अशा फुकट वेबसाईट कोणत्या?

आधी पैसे भरून कुठलं अ‍ॅप घेऊ नका, मी एकदा घेतलंय आणि पोरानं चार दिवसांत सोडलं.

पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या साईटवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात, पुस्तक शाळेत राहिलं तरी रडारड नाही. पुस्तकात जे क्यूआर कोड छापलेत ते सरकारच्या फुकट दीक्षा अ‍ॅपनं स्कॅन करून बघा, त्या धड्याचे व्हिडिओ वगैरे येतात, सगळेच भारी नसतात पण काही चांगले आहेत.

वाचनाची गोडी लावायची असेल तर मात्र स्टोरीवीव्हर ही साईट. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्सची आहे, मराठीत ढीगभर चित्रकथा आणि लेव्हल १ ते ४ अशा पायऱ्या, म्हणजे अडखळत वाचणाऱ्या पोरालाही लेव्हल १ चं एका ओळीचं पान जमतं न मग ते स्वतःच पुढचं मागतं. आणि 'किशोर' मासिक, १९७१ पासूनचं, त्याचे जुने अंक ऑनलाईन आहेत, आईबापच वाचत बसतात हा तोटा.

विज्ञानासाठी, टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून दाखवणाऱ्या अरविंद गुप्तांची साईट बघाच. काडेपेटीच्या काड्या न सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब घेऊन त्रिकोण-चौकोन करायला लावा, चौकोन दाबला की वाकडा होतो, त्रिकोण हलत नाही, हे हातानं कळलं की परत सांगावं लागत नाही.

ती जरा मोठी झाली की फेट (PhET) सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवरच करून बघायचे प्रयोग, मराठीतही आहेत. त्यातल्या सर्किटच्या प्रयोगात बॅटरीची दोन टोकं नुसत्या वायरनं जोडली की स्क्रीनवर आग लागते, पोरं मुद्दाम तेच करत बसतात, करू द्या.