नंदादेवी डोळ्यांनी बघायची आहे, ठेव मोडू का?

नाशिकहून एका ताईंचं पत्र आलं आहे. विनाअनुदानित शाळेत ३१ वर्षं भूगोल शिकवून त्या दीड वर्षापूर्वी साठाव्या वर्षी निवृत्त झाल्या. पेन्शन नाही. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचे मिळून १५ लाख रुपये त्यांनी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले, त्याचे दर तिमाहीला २७,६७५ रुपये खात्यात येतात. यजमान ६६ वर्षांचे आहेत, त्यांची पेन्शन ४१ हजार, घरखर्च ३६ हजार. बचत खात्यात सध्या १ लाख १० हजार आहेत, अडीअडचणीसाठी ४ लाखांची मुदत ठेव वेगळी. दोघांच्या आरोग्य विम्याचे ४६ हजार दर जानेवारीत जातात.

त्यांना उत्तराखंडातल्या कुमाऊंत, बिनसरच्या अभयारण्यातल्या गावांमधून वाटाड्यासोबत चालत जायचं आहे, रोज वेगळ्या गावात मुक्काम. आयोजक ७ रात्रींचे माणशी ४८ हजार मागतो. गट १८ ऑक्टोबरला निघतो. मुलगा म्हणतो, गावात थेट फोन करा, ५२ हजारांत दोघांचं होईल. यजमान म्हणतात, हे पैसे म्हातारपणाचे आहेत. आणि ताई विचारतात, ठेव मोडावी, आयोजकाने देऊ केलेले हप्ते घ्यावेत, की बेतच सोडून द्यावा?

ताई, बेत सोडू नका. नकाशावर बोट ठेवून ३१ वर्षं जे शिखर मुलांना दाखवलंत ते बघायला जाणं ही उधळपट्टी नाही, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तुमचे आकडे तसं सांगतात. फक्त पैसे कुठून काढायचे आणि कधी निघायचं, या दोन गोष्टी मी बदलेन.

आधी तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. १५ लाखांवर ८.२ टक्क्यांनी वर्षाला १ लाख २३ हजार होतात, म्हणजे तिमाहीला ३०,७५०. तुमच्या खात्यात येतात २७,६७५. बरोबर १० टक्के कमी. हा टीडीएस आहे, म्हणजे व्याज देतानाच कापलेला कर. ज्येष्ठ नागरिकांचं वर्षाचं व्याज १ लाखाच्या वर गेलं की तो कापला जातो. तुम्हाला दुसरं उत्पन्न नाही, त्यामुळे कर लागतच नाही. मग आपल्यावर कर बसत नाही, असं स्वघोषणापत्र याच महिन्यात बँकेत द्या. १ ऑक्टोबरचं व्याज पूर्ण येईल. आजवर कापलेली रक्कम विवरणपत्र भरून परत मागता येते. यजमानांचे एखादे ओळखीचे कर सल्लागार असतील तर त्यांच्याकडून एका दुपारी हे काम उरकेल. वर्षाला १२,३०० रुपये म्हणजे दोघांच्या प्रवासाचं भाडं निघालं.

आता ठेव. या योजनेतून थोडी रक्कम काढून बाकीची तशीच ठेवता येत नाही, मोडायचं तर अख्खं खातं बंद करावं लागतं. एक वर्ष झालंय पण दोन झाली नाहीत, अशा वेळी मुद्दलातून दीड टक्का कापतात. १५ लाखांवर ते २२,५०० रुपये होतात. दीड लाखाच्या खर्चासाठी साडेबावीस हजार टाकून देणं, आणि तेही जी ठेव तुमची एकटीची पेन्शन आहे तिच्यातून, मला मान्य नाही. यजमानांची भीती इथे खरी आहे. पण त्यांची भीती मुद्दलाबद्दल असायला हवी, व्याजाबद्दल नाही. व्याज खर्च करण्यासाठीच असतं.

हप्त्यांचा कागद तुम्ही सोबत जोडलात हे बरं केलंत. ९६ हजारांसाठी ८,५०० चे १२ हप्ते, वर १,५०० प्रक्रिया शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ७,७७० रुपये जास्त. बघताना ते ८ टक्के वाटतात, पण दर महिन्याला कर्ज फिटत जातं, त्यामुळे खरा दर साधारण १५ टक्के पडतो. स्वतःची रक्कम ८.२ टक्क्यांनी ठेवायची आणि १५ टक्क्यांनी उसनी घ्यायची, हा व्यवहार नको. शिवाय कर्ज देणारी कंपनी वेगळी, सहल नेणारा वेगळा. पावसाने सहल रद्द झाली तरी हप्ता थांबत नाही.

तुम्ही सहलीचा एकूण खर्च १ लाख १० हजार धरलात. तेवढ्यात होणार नाही. ९६ हजारांवर ५ टक्के जीएसटी वेगळा आहे, कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय, ते ४,८०० झाले. नाशिक रोड ते दिल्ली आणि पुढे काठगोदाम, दोघांचं जाऊन-येऊन वातानुकूलित डब्याचं भाडं मी ११ हजार धरतो. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती मनात असेल तर काढून टाका. दिल्लीत जाता-येता एकेक रात्र, ५ हजार. बूट, रेनकोट, चालायच्या काठ्या, गरम कपडे असे १२ हजार. प्रवास विमा अडीच हजार. गावांत द्यायची बक्षिसी आणि थोडी खरेदी, ६ हजार. बेरीज १,३७,३०० होते. वर १० हजार हाताशी हवेत. १ लाख ४७ हजार म्हणा.

मुलाच्या हिशेबावर मी बराच वेळ घालवला, कारण त्याचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. फोनवर खोली मिळते, आणि रस्त्याला लागून असलेल्या गावात तेवढं पुरतं. पण बिनसर हे १९८८ साली घोषित झालेलं, साधारण ४७ चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे. त्यातल्या दलार, रिसाल, गोनाप अशा वस्त्यांमधला रस्ता म्हणजे बांज (ओक) आणि बुरांशच्या (ऱ्होडोडेंड्रॉन) जंगलातली पायवाट. फाटे अनेक, पाट्या जवळजवळ नाहीत, बिबट्याचा वावर आहे. एका घरातून दुसऱ्या गावाच्या घरापर्यंत तुम्हाला नेणारा, सामान उचलणारा, संध्याकाळी कोणी पोचलं नाही तर शोधायला निघणारा माणूस हवा. मुलाच्या ५२ हजारांत खोल्या, जेवण आणि गाडी आहे. वाटाड्या फक्त दोन दिवसांचा आहे आणि सामान वाहणारा कोणीच नाही. साठी ओलांडलेल्या, पहिल्यांदा डोंगरात चालणाऱ्या दोघांसाठी मी नेमकी तीच बचत करणार नाही. विमान सोडून रेल्वे घ्या, दिल्लीत साधी खोली घ्या, महागडं जॅकेट भाच्याकडून आणा. वाटाड्याचे पैसे कापू नका.

गाववाल्यांशी घासाघीसही नको, हे मला मनापासून सांगायचं आहे. रात्रीचे दीड हजार जास्त वाटतात, पण गहू, तेल, गॅस सिलिंडर जिथे गाडी थांबते तिथून पुढे माणसाच्या पाठीवर किंवा खेचरावर जातो. पाहुणे येतात ते ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे. उरलेलं वर्ष खोली रिकामी. २०११ च्या जनगणनेत बिनसरच्या अल्मोडा जिल्ह्याची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली होती. तरुण हल्द्वानीला, दिल्लीला जातात, गावात आई-वडील आणि कुलूपबंद घरं राहतात. तुमच्या एका मुक्कामाचे पैसे एखाद्या सुनेला घरच्या घरी मिळतात, तेव्हा ते कुठे गेले हे तुम्हाला डोळ्यांनी दिसतं. ताटात मडुआची भाकरी येईल, म्हणजे आपली नाचणी, आणि गहतची डाळ, म्हणजे कुळीथ. परकं काही वाटणार नाही.

म्हणूनच आयोजकाला लेखी विचारा: माणशी ४८ हजारांतले गावाला किती, वाटाड्याला दिवसाचे किती, ओझं नेणाऱ्याला किती, आणि वाटाड्या त्याच गावांतला आहे का. निम्म्याच्या आसपास रक्कम गावांत राहत असेल तर त्याचा दर मला मान्य आहे, उरलेलं तो नियोजनाचे आणि जबाबदारीचे घेतो. उत्तर टाळलं किंवा आकडा फारच लहान निघाला, तर मुलाचा रस्ता धरा, पण सातही दिवस स्थानिक वाटाड्या आणि एक हमाल ठेवून. तेही ७०-७५ हजारांच्या पुढे जाऊ नये.

आणि तारीख. १८ ऑक्टोबर मी टाळेन. पावसाळ्यानंतर आकाश सर्वात स्वच्छ असतं, नंदादेवी, त्रिशूल, पंचचूली एका रांगेत दिसतात, हे सगळं खरं. पण २०२१ साली याच तारखांना कुमाऊंत ढगफुटीसारखा पाऊस झाला, मुक्तेश्वरला एका दिवसात ३४० मिलीमीटर पडला आणि काठगोदामजवळ रेल्वेचा रूळ वाहून गेला. दरवर्षी असं होत नाही. माझं मुख्य कारण पैशाचं आहे. अगदी नोव्हेंबरच्या सुरुवातीला निघालात तरी तुमच्या खात्यात १ लाख ५० हजार असतील आणि परत येताना तीन-साडेतीन हजार उरतील. त्यानंतर दोन महिन्यांत विम्याचे ४६ हजार भरायचे आहेत. आरोग्य विमा लांबला तर तो धोका मी कोणत्याही सहलीसाठी घेणार नाही.

मार्चच्या मध्याचा हिशेब बघा. आजचे १ लाख १० हजार, ऑक्टोबर आणि जानेवारीचं मिळून ६१,५०० व्याज, सहा महिन्यांची पेन्शनमधली शिल्लक ३० हजार. त्यातून विमा भरला की १ लाख ५५ हजार राहतात. सहल होऊन आठेक हजार उरतात आणि १ एप्रिलला पुन्हा ३०,७५० येतात. ४ लाखांच्या ठेवीला हात लागत नाही. मार्चमध्ये धूसरपणा ऑक्टोबरपेक्षा जास्त असतो, एखादा दिवस शिखरं दिसणारही नाहीत. पण बुरांश फुललेला असतो, अख्खं झाड लाल. एप्रिलच्या पुढे मात्र ढकलू नका. चिडाच्या, म्हणजे पाइनच्या झाडांच्या, वाळलेल्या सुयांमुळे वणवे लागतात, जून २०२४ मध्ये बिनसरमध्येच आग विझवायला गेलेल्या वन कर्मचाऱ्यांचे जीव गेले.

आठवड्यात पूर्ण पैसे भरल्यास ५ टक्के सूट, असं आयोजक म्हणतो. ४,८०० रुपयांसाठी ९६ हजार आधी देऊ नका. पाव रक्कम आगाऊ, उरलेली निघायच्या पंधरा दिवस आधी, आणि रस्ता बंद झाल्यास किती परत मिळणार ते पावतीवर लिहून घ्या. प्रवास विम्यात सहल रद्द होण्याचं आणि डोंगरातून खाली आणण्याचं संरक्षण आहे का, एवढंच पाहा. रुग्णालयाचा खर्च तुमच्या चालू विम्यातून होतो. बिनसरमधली सर्वात उंच जागा, झीरो पॉइंट, साधारण २,४०० मीटरवर आहे, कळसूबाई १,६४६. उंचीचा त्रास बहुतेकांना झीरो पॉइंटच्याही वर सुरू होतो, तरी यजमानांचा रक्तदाब आणि गुडघे डॉक्टरांना दाखवूनच पैसे भरा. मोठ्या उपचारांना खाली हल्द्वानी गाठावी लागते.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे तुमची तिकिटं जानेवारीत. बूट मात्र आत्ताच घ्या आणि दर रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढा, दिवाळीनंतर ब्रह्मगिरी. दोघांनी. ब्रह्मगिरी उतरल्यावर यजमानांचे गुडघे काय म्हणतात ते मला कळवा, त्यावर सात रात्री ठेवायच्या की पाच ते ठरवू.