भाकरी बंद, गोळी चालू

"मॅडम, भाकरी सोडली तर साखर जाती का?" सांगलीत आहारसल्ल्याचं काम करताना हा प्रश्न मला सारखा येतो. तो आला की एक काका डोळ्यांसमोर येतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.)

वय 52, हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी, मधुमेह सहा वर्षांचा. मुलानं कीटो (कर्बोदकं अगदी कमी, तूप-पनीर जास्त असा आहार) करून वजन उतरवलं, ते बघून काकांनी भाकरी, भात, भडंग सगळं एका दिवसात तोडलं. तीन आठवड्यांत चार किलो कमी, उपाशीपोटीची साखर 170 वरून 112. ते खूश होते. काकू घाबरलेल्या.

"अकराच्या सुमाराला घाम फुटतोय, हात कापत्यात. परवा हिशोबाची पट्टी लिहिताना आकडेच दिसंनात. हे म्हणत्यात, शरीर साफ व्हायलंय."

त्या वेळी साखर मोजली होती का? एकदा. 58.

मी गोळ्यांची पिशवी मागितली. ग्लिमेपिराइड, जुन्याच डोसात. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही, हे ती बघत नाही. 50 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून साधारण 35 ग्रॅम कर्बोदकं मिळतात. काका दिवसाला सहा भाकऱ्या खायचे, म्हणजे 200 ग्रॅमच्या वर. ती गेली आणि गोळी तेवढीच राहिली. 70 च्या खाली साखर म्हणजे धोका. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा मोजायचं, हे मी आधी काकूंकडून पाठ करून घेतलं.

"म्हणजे हे बंदच करू का?" काका हिरमुसले.

मी नाही म्हटलं. कर्बोदकं कमी केली की साखर उतरते, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) उतरतात, कित्येकांच्या गोळ्याही कमी होतात. हे खरं आहे आणि ते हसण्यावारी नेणं मला पटत नाही. पण पहिल्या चार किलोंत पाणी बरंच असतं: शरीरात साठवलेल्या एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (साठवणीतल्या साखरेबरोबर) सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं, साठा संपला की तेही जातं. सोबत मीठही जातं, म्हणून चक्कर आणि पायात गोळे. स्टॅनफर्डच्या 2018 च्या अभ्यासात 609 जण होते. वर्षाअखेर कमी कर्बोदकंवाल्यांचं वजन सरासरी 6 किलोनं, कमी चरबीवाल्यांचं 5.3 किलोनं उतरलं. फरक नगण्यच.

काकांच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. त्यांनी डोस निम्मा केला, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) आणि कोलेस्टेरॉल तपासायला सांगितलं. रोजचं तूप-पनीर बघता एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढण्याची भीती होती. गोळीचं नाव 'ग्लिफ्लोझिन'नं संपत असतं, तर कीटो तिथल्या तिथे थांबवायला सांगितलं असतं. त्या गोळ्यांवर साखर फार न वाढताही रक्तात आम्ल साचू शकतं, आणि उलट्या, धाप लागली तर थेट दवाखाना गाठावा लागतो. गरोदरपण, टाइप 1 मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांशिवाय पाऊलच टाकू नये.

मग दोन वेळा एकेक भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, ताक असं बसवलं. काकू पीठ वाटीनं मोजू लागल्या.

तीन महिन्यांनी काका आले, हातात मिरजेच्या मेहुण्यांच्या गोळ्यांची पट्टी. "त्यानं पण भाकरी सोडलीय. मी म्हटलं, थांब, आधी गोळी कुठली ते बघू."